नाव खाली ठेवून

“नवशा गोमा, गाव दिघाशी,” कारखान्याच्या चिमणीच्या पायथ्याशी उभं राहून नवशाने स्वतःचं नाव सांगितलं. समोर होता त्याचा सख्खा धाकटा भाऊ विठू, ज्याला हे नाव पाळण्यात असल्यापासून पाठ होतं.

“हाय माझ्याजवळ,” विठू म्हणाला आणि खांद्यावरच्या पंच्याच्या टोकाला त्याने एक गाठ मारली.

झालं. आता नवशाला नाव उरलं नाही. त्याने कमरेचा हातोडा चाचपला, दोराचं वेटोळं खांद्याला अडकवलं आणि विटांत रोवलेल्या पहिल्या लोखंडी कडीवर पाय ठेवला.

हा त्यांच्या घरचा रिवाज. बाप गोमा ताडाला चढायचा, आणि त्याने तो त्याच्या बापाकडून घेतलेला. वर गेलेल्या माणसाला नावाने हाक मारायची नाही. आपलं नाव ऐकलं की माणूस वळून बघणारच, आणि तेवढ्या उंचीवर वळून बघणं म्हणजे यमाला ओ देणं. म्हणून चढण्याआधी नाव खालच्या माणसाच्या हवाली करायचं. उतरताना शेवटच्या पायरीवर थांबायचं. खालच्याने विचारायचं, “नवशा, आलास का?” वरच्याने म्हणायचं, “आलो.” मगच पाय मातीला लावायचा आणि मगच पंच्याची गाठ सोडायची. कुणी न विचारताच माती गाठली, तर माणूस खाली येतो पण त्याचा जीव वरच राहतो, असं गोमा सांगायचा. खरं-खोटं देव जाणे. गोमा मात्र म्हातारा होऊन खाटेवर मेला, आणि ताडावाल्यांत हे फार थोड्यांच्या नशिबी येतं.

ताडावर पोट भरेना तेव्हा नवशा भिवंडीत आला. तिथे घरोघर माग खडखडत होते, आणि मागाच्या सुताला खळ लावणारे सायझिंगचे कारखाने एकामागून एक उठत होते. कारखाना म्हटला की बॉयलर, आणि बॉयलर म्हटला की चिमणी. वर्षातून एकदा, पावसाच्या आधी, कुणीतरी त्या चिमणीवर जाऊन बघावं लागतं, की विटा सुटल्यात का, पट्टे गंजलेत का, विजेसाठी बसवलेली तांब्याची सळई जागेवर आहे का. बाकीच्यांना नुसतं मान वर करून घाम फुटायचा. नवशाला चिमणी म्हणजे बिनझावळ्यांचा ताड वाटायची. अठरा वर्षं तो भिवंडीतल्या चिमण्या चढत होता.

विठूचं सगळं उलटं. अडतीस वर्षांचा धडधाकट बाप्या, पण तिसऱ्या पायरीवर त्याच्या गुडघ्यांचं पाणी व्हायचं. घराची कौलं परतायला त्याची बायको चंद्रा चढायची आणि हा खाली शिडी धरायचा, तीही डोळे मिटून. गावाने त्याची काय कमी टर उडवली? ताडावाल्याच्या पोटी भोपळ्याचा वेल आला म्हणायचे. बरं, भीतीला काही कारण असतं तर ते काढून तरी टाकता आलं असतं. त्याने कुणाला पडताना पाहिलं नव्हतं, आणि स्वतः तो कधी पडला नव्हता, कारण पडायला आधी चढावं लागतं.

भिवंडीत आल्या आल्या नवशानेच त्याला जवळ ओढलं. “चढणारा कुठं बी मिळंल रं,” तो म्हणाला होता. “खाली उभा ऱ्हाऊन जागचा न हलणारा मिळत न्हाय. तू ये.”

तेव्हापासून विठू खालचा माणूस झाला. तो खाली उभा राहून दोर धरायचा. दोराला एक हिसका आला की सामान वर पाठवायचं, दोन आले की थांबायचं, तीन म्हणजे उतरतोय. त्याहून मोठं काम कानाचं होतं. नवशा प्रत्येक कडीवर भार देण्याआधी हातोड्याने ती वाजवून बघायचा. ठण् वाजली तर धड, बद्द वाजली तर सैल. विठू खाली मोजत राहायचा. भिवंडीतल्या टेमघरच्या या चिमणीला एकशे आठ कड्या, जपमाळेच्या मण्यांएवढ्या, आणि त्यातली एकेचाळिसावी गेली सहा वर्षं बद्द वाजत होती.

वर पोचलेला भाऊ खालून मुंगळ्याएवढा दिसायचा. दर वर्षी विठूचा श्वास तिथेच अडकायचा. आपल्याच आईच्या पोटचा, आपल्याच ताटात जेवणारा माणूस तिथे आभाळात हात-पाय पसरून बसलाय, ही गोष्ट त्याच्या डोक्यात मावायची नाही. संध्याकाळी तो हमखास विचारायचा, “दादूस, वर काय दिसतं?”

“काय न्हाय रं. वारा हाय,” नवशा म्हणायचा आणि भाकरी मोडायचा.

त्या दिवशी शुक्रवार होता, चौऱ्याहत्तर सालच्या मे महिन्यातला. शुक्रवारी भिवंडीचे माग बंद असतात, बॉयलर थंड असतो, म्हणून चिमणीचं काम शुक्रवारीच निघायचं. एरवी चोवीस तास कानांत खडखड करणारं गाव त्या दिवशी इतकं गप्प होतं, की रस्त्याने जाणाऱ्या सायकलची घंटीही चिमणीच्या टोकापर्यंत जावी.

एकशे आठव्या कडीचं ठण् विठूने ऐकलं. नवशा चिमणीच्या तोंडावर पोचला, एक पाय आत आणि एक बाहेर टाकून काठावर बसला आणि सळईच्या तारा आवळायला लागला. सगळं दरवर्षीसारखं चाललं होतं.

घात केला तो एका भल्या माणसाने. कारखान्याचा नवा मॅनेजर, पंचविशीतला पोरगेला माणूस, मुंबईहून दोन महिन्यांपूर्वीच आलेला. सकाळपासून तो नवशाकडे तोंड उघडं टाकून बघत होता. असा माणूस आपल्या कारखान्यात काम करतो याचं त्याला इतकं अप्रूप वाटलं की तो ऑफिसातून कॅमेरा घेऊन आला. नवशाचं तोंड दिसेना, म्हणून सभेसाठी आणलेला पत्र्याचा कर्णाही त्याने आणला. विठू पाठमोरा होता. त्याला काही कळायच्या आत मॅनेजरने कर्णा तोंडाला लावला.

“नवशाभाई! ओ नवशाभाई! इधर देखो, फोटो!”

इतर कुठल्याही वारी मागांच्या खडखडाटाने ती हाक दहा हातांवर गिळून टाकली असती. शुक्रवारने ती थेट वर नेऊन पोचवली.

वर नवशाचं डोकं वळलं. त्याने खाली बघितलं. मॅनेजरने खटका दाबला आणि खुशीने हात हलवला.

नवशाचा हात हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी सळईला मिठी मारली आणि तो तसाच राहिला.

विठूने दोराला एक हिसका दिला. उत्तर नाही. दोन दिले, तीन दिले. नवशाने दोर कुठेतरी अडकवून ठेवला होता, तो नुसताच हलत राहिला. अठरा वर्षांत भावाचं अंग त्याने असं गोळा झालेलं कधी पाहिलं नव्हतं, पण तो गोळा त्याच्या ओळखीचा होता. स्वतः शिडीवर अडकला की तो तसाच व्हायचा.

तासभर गेला. मॅनेजरचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने फायर ब्रिगेडला फोन लावला. बंब ठाण्याहून यायचा, आणि त्यांची शिडी अर्ध्यालाही पुरणार नव्हती. दुपारची नमाज सुटली आणि कारखान्याच्या अंगणात माणसं गोळा झाली. सगळे वर बघत होते.

“सलाख तप गई होगी,” बॉयलरवाले चाचा हळूच म्हणाले. “और आधे घंटे में खाडी की हवा उठेगी. तब तक हाथ छूट जाएगा उसका.”

एक तरणा मागवाला बाह्या सरसावून पुढे आला. “हम जाते हैं ऊपर.”

“नको,” विठू म्हणाला. “अनोळखी तोंड समोर दिसलं तर तो दचकंल. मी जातो.”

हे वाक्य आपल्याच तोंडून निघालं, हे कळायला त्याला एक क्षण लागला.

तेवढ्यात नवशाची बायको मैना भाकरीचं फडकं घेऊन फाटकातून आत आली. माणसांचा घोळका बघितला, सगळ्यांच्या माना बघितल्या आणि ती जिथल्या तिथे उभी राहिली. तिने वर बघितलंही नाही.

विठू तिच्यासमोर गेला. खांद्यावरचा पंचा काढून तिच्या हातात दिला.

“वहिनी, ह्या गाठीत दादूसचं नाव हाय. मी वर चाललो, तर आता तू सांभाळ.” मग त्याने दुसऱ्या टोकाला गाठ मारली. “आन ही माझी. विठू गोमा, गाव दिघाशी. खाली आलो का दोघांना हाक मारायची.”

मैनाने पहिल्या गाठीवर बोट ठेवलं. “भावजी, तुमचं घेईन. त्यांचं मी कसं घेऊ?”

तीस वर्षांच्या संसारात तिने नवऱ्याचं नाव एकदाच घेतलं होतं, लग्नाच्या मांडवात, उखाण्यात, तेही बायांनी चिमटे काढल्यावर. पुढे रेशनकार्डावर लिहितानाही तिने शेजारणीला सांगायला लावलं होतं. नाव घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला आईने शिकवलं होतं. म्हणूनच तर ती कधी खालचा माणूस होऊ शकली नाही.

“ते तू बघ,” विठू म्हणाला, आणि चिमणीकडे चालू लागला. अजून एक शब्द बोलला असता तर पाय माघारी वळले असते.

चाचांनी त्याच्या हातात बॉयलरचा छोटा हातोडा दिला. विठूने पहिली कडी वाजवली. ठण्. दुसरी, ठण्. तिसरीला ठरल्याप्रमाणे गुडघे गेले.

तो तिथेच विटांना नाक लावून उभा राहिला. विटांना काजळीचा आणि उन्हाचा वास होता. खालून कुणीतरी ‘या अल्ला’ म्हणालं. आता उतरलो तर कुणी नावं ठेवणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. पण कानाला ही चिमणी पाठ आहे, हेही त्याला ठाऊक होतं. चवथी जराशी बारीक वाजते, सातवी जड वाजते, बारावीला विटेचा टवका उडालाय म्हणून आवाज फुटतो. अठरा वर्षं तो हे ऐकत आला होता. त्याने डोळे मिटले आणि चवथी वाजवली. बारीक वाजली.

मग विठू कानांनी चढला. भीती गेली नाही, अजिबात गेली नाही. घाम डोळ्यांत उतरत होता, एकदा तर त्याला मुतायला झालं. पण पुढची कडी कशी वाजेल हे त्याला माहीत होतं, आणि ती तशीच वाजत होती. एकेचाळिसावी बद्द वाजली. ती सोडून त्याने बेचाळिसावी धरली.

साठाव्या कडीच्या पुढे चिमणी डुलायला लागली. फार नाही, पाळण्याला पायाने झोका द्यावा एवढीच, पण विठूला वाटलं आपण मेलो. मग त्याला नवशाचं बोलणं आठवलं, की ती डुलते म्हणूनच टिकते. डुलली नसती तर पहिल्याच पावसाळ्यात मोडली असती.

एकशे आठवी ठण् वाजली, आणि पुढे वाजवायला काही उरलं नाही. विठूने डोळे उघडले.

समोर नवशाचं पाऊल होतं, टाच फुटलेलं, ओळखीचं. विठूने मान वर केली. आणि भावाच्या पलीकडे त्याला ते सगळं दिसलं.

सगळी भिवंडी खाली पत्र्याची चटई अंथरावी तशी पसरली होती. कामवारी नदीचं पाणी कुठे चमकत होतं, कुठे हरवत होतं, आणि पुढे खाडी उजळून निघाली होती. आग्रा रोडवरून वडप्याकडे ट्रकांची माळ चालली होती, आवाजावाचून. लांब माहुलीचे सुळके उभे होते. आणि आभाळ वर नव्हतंच, ते चारी बाजूंनी होतं. इतक्यात त्याच्या पायांखालून एक घार गेली. विठूला तिची पाठ दिसली, तांबूस, उन्हात चकाकणारी. आयुष्यभर त्याने घारीचं पोट पाहिलं होतं. तिला पाठही असते, हे त्याला आज कळलं, आणि का कोण जाणे, त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. एवढं सगळं भाऊ वर्षानुवर्षं एकटा बघत होता, आणि खाली येऊन म्हणत होता, वारा हाय.

“दादूस,” तो अगदी हळू म्हणाला. नाव वर्ज्य, पण नातं चालत होतं.

नवशाने डोळे फिरवले. त्याचे ओठ पांढरे पडले होते, दंडांवर तापलेल्या सळईचे लाल वळ उठले होते. “तू कशाला आलास? मरशील ना.”

“मरंन. तुला काय झालं?”

“मना माझं नाव आयकू आलं रं.” नवशाचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. “नाव आयकलं आन आठवलं, का मी हाय. मैना हाय, घर हाय. खाली बघितलं तर जाम लांब होतं सगळं. तवापासून हात सुटत न्हाय. काय झालंय मना?”

“भ्या वाटतंय तुला.”

“ह्याला भ्या म्हंतात?”

“ह्यालाच.”

नवशा त्याच्याकडे बघत राहिला. “आन तुला?”

“जाम वाटतंय. पन मना सवय हाय त्याची. तुला ते आज पयल्यांदा भेटलंय.”

आता ‘चल, उतर’ म्हणून उपयोग नाही, हे विठूएवढं कुणाला कळणार? शिडीवर अडकल्यावर त्याला लोक हेच सांगायचे, आणि त्याची बोटं आणखी घट्ट व्हायची. चंद्रा तेवढी शहाणी. ती वरून ‘ते कौल दे बघू’ म्हणायची, आणि कौल देता देता त्याचा हात सुटायचा.

विठूने सळईच्या बुडाशी बघितलं. तांब्याची तार अर्धी गुंडाळलेली होती, दोन वेढे राहिले होते.

“दादूस, ही तार कुठून घ्यायची? आतून का भायरून?”

“कशाला?”

“काम अर्धं हाय. पावसात वीज पडली म्हंजे?” असं म्हणून त्याने मुद्दाम तार उलटी ओढली.

“आरं भायरून न्हाय,” नवशा करवादला. “आतून घे. तसं न्हाय रं, आन इकडं.” आणि त्याचा उजवा हात सळईवरून सुटला, तार पकडली आणि शिकवलेल्या वाटेने फिरू लागला. एक वेढा झाला. दुसऱ्या वेढ्याला डावा हातही आला. तार आवळून झाल्यावर नवशाने आपल्याच हातांकडे बघितलं, आणि मग विठूकडे.

“म्होरं मी,” विठू म्हणाला. “मी कडी वाजवतो, तुझा पाय मी धरून ठेवतो. तू निस्ता आयक.”

असे ते उतरले. विठू खाली जाऊन कडी वाजवायचा, ठण्, आणि भावाचा घोटा धरून पाऊल तिच्यावर आणून ठेवायचा. अठरा वर्षं ज्याने आवाज काढला तो आता ऐकत होता, आणि ज्याने ऐकला तो काढत होता. खाली एवढी माणसं, पण कुणी खोकलंही नाही. खाडीचा वारा उठला तेव्हा ते तिसाव्या कडीवर होते, आणि चिमणी त्यांना घेऊन एकदा संथ डुलली.

विठू पहिल्या कडीवर येऊन थांबला. मैना तीन हातांवर उभी होती, पंचा छातीशी धरून.

“विठू भावजी, आलात का?”

“आलो, वहिनी.” त्याने पाय मातीला लावला आणि तो तिथेच बसला, कारण पायांनी आता काही ऐकायचं नाकारलं होतं.

मग नवशा पहिल्या कडीवर आला आणि थांबला. जमीन एक वीतभर खाली होती. त्याची पाठ सगळ्यांकडे होती आणि कपाळ विटेला टेकलं होतं. त्याने कडी सोडली नाही. सोडायची वेळ कुठली, ते त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं.

मॅनेजरला राहवेना. “नव...” म्हणून त्याने तोंड उघडलं आणि चाचांनी त्याच्या तोंडावर सरळ हात ठेवला.

मैनाने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. तिने विठूकडे बघितलं; त्याने मान खाली घातली, कारण यात त्याची मदत चालणार नव्हती. मग तिने पदर मागे केला. डोक्यावरून पार खांद्यावर. कारखान्याच्या अंगणात, दीडदोनशे परक्या बाप्यांसमोर ती उघड्या डोक्याने उभी राहिली आणि एखाद्या पोराला जेवायला हाक मारावी तसं स्वच्छ म्हणाली,

“नवशा. आलास का?”

कुणी हसलं नाही. नवशाने कपाळ विटेवरून उचललं.

“आलो,” तो म्हणाला, आणि पाय मातीला लावला.

त्याने कमरेचा हातोडा काढला, पहिल्या कडीला अडकवला आणि मागे वळून बघितलं नाही. तो हातोडा पुढे बरीच वर्षं तिथेच गंजत होता. नवशा पुन्हा चढला नाही, आणि त्याला कुणी विचारलंही नाही.

मैनाने भाकरीचं फडकं सोडलं, दोघांपुढे ठेवलं, आणि मग पंचा मांडीवर घेऊन बसली. विठूच्या नावाची गाठ चिमटीत धरताच सुटली. नवऱ्याच्या नावाची सुटेना. वर बघायची हिंमत नव्हती, म्हणून ती तेवढा सगळा वेळ ती गाठच आवळत राहिली होती. शेवटी तिला ती दातांनी सोडवावी लागली.